ईटॅब्स घ्यावं की स्टॅड-प्रो? लोड केसच्या अंगाने तुलना

ईटॅब्स आणि स्टॅड-प्रो (पुढे नुसतं स्टॅड) ही इमारतीच्या सांगाड्याचं विश्लेषण आणि डिझाइन करणारी सॉफ्टवेअर. छोट्या स्ट्रक्चरल डिझाइन ऑफिसला एकच लायसन्स परवडतं, तेव्हा यातलं कोणतं घ्यावं हा प्रश्न येतोच. बोलणं बहुतेक वेळा मॉडेल कशात लवकर उभं राहतं यावर अडकतं. मॉडेल दोन्हीत उभं राहतं. चूक होते ती लोड देताना, आणि ती चित्रात दिसत नाही. म्हणून निवड करताना मी आधी लोड केस, म्हणजे लोड (भार) कसे भरले आणि सोडवले जातात ते, बघायला सांगतो.

ईटॅब्समध्ये लोडचे तीन थर आहेत. लोड पॅटर्नमध्ये लोड कुठे आणि किती हे सांगायचं, लोड केसमध्ये त्याचं विश्लेषण कसं करायचं ते ठरवायचं आणि कॉम्बिनेशनमध्ये निकालांची बेरीज करायची. नवख्या माणसाला पहिले दोन थर एकच वाटतात, कारण पॅटर्न तयार केला की त्याच नावाची लिनिअर स्टॅटिक (लोडच्या प्रमाणात परिणाम धरणारी साधी) केस आपोआप तयार होते. फायदा पुढे कळतो. तोच डेड लोड (इमारतीचं कायमचं वजन) साध्या केसमध्ये, नॉनलिनिअर केसमध्ये किंवा मजल्यामागून मजला चढवणाऱ्या कन्स्ट्रक्शन सिक्वेन्स केसमध्ये वापरता येतो, भिंतींचा लोड पुन्हा भरावा लागत नाही. स्टॅडमध्ये पॅटर्न आणि केस असे वेगळे कप्पे नाहीत. एक प्रायमरी लोड केस उघडायची, तिच्याखाली सेल्फ वेट (सांगाड्याचं स्वतःचं वजन), मेंबर लोड, फ्लोअर लोड लिहायचे. शिकायला हे सोपं. शिवाय सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये असतं, त्यामुळे दुसऱ्याचं काम तपासायला बसलो की वरून खाली वाचत जाता येतं. ही सोय मला फार मोलाची वाटते.

सेल्फ वेटपाशी दोघांच्या खोड्या वेगळ्या. ईटॅब्समध्ये डेड पॅटर्नचा सेल्फ वेट मल्टिप्लायर आधीच १ असतो. फ्लोअर फिनिशसाठी नवा पॅटर्न करताना तिथेही चुकून १ राहिला, तर अख्ख्या इमारतीचं स्वतःचं वजन दोनदा धरलं जातं आणि कॉलम उगाच जाड होतात. स्टॅडमध्ये सेल्फ वेट आपणच लिहायचं, दिशा उणे वाय. उणे चिन्ह राहिलं तर वजन वरच्या दिशेने लागतं. दोन्हीकडे उपाय एकच: बेस रिअ‍ॅक्शन (पायावर येणारा एकूण भार) काढा आणि हाताने केलेल्या हिशोबाशी ताडून बघा. स्टॅडची स्टॅटिक्स चेकची छापील बेरीज यासाठी उत्तम.

खरा फरक भूकंपाच्या लोडमध्ये आहे, आणि इथे घाई करू नका. आयएस १८९३ (भाग १) : २०१६ या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे सिस्मिक वेटमध्ये (भूकंपाच्या हिशोबाला धरायच्या वजनात) डेड लोड पूर्ण धरायचा, लाइव्ह लोड (माणसं-सामानाचा भार) ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटरपर्यंत असेल तर २५ टक्के, त्याहून जास्त असेल तर ५० टक्के, आणि गच्चीचा लाइव्ह लोड धरायचाच नाही. ईटॅब्समध्ये मास सोर्समध्ये पॅटर्नची नावं आणि हे गुणक लिहिले की काम झालं. गच्चीच्या लाइव्ह लोडचा पॅटर्न मात्र वेगळा ठेवा, म्हणजे तो बाहेर ठेवता येतो. स्टॅडच्या जुन्या पद्धतीत १८९३ च्या डेफिनिशनखाली सगळी वजनं पुन्हा वेगळी द्यावी लागतात.

याचा फटका मी अनुभवला आहे. २३० मिलिमीटर विटेची भिंत, उंची २.४ मीटर, म्हणजे ०.२३ × २.४ × २० = ११.०४ किलोन्यूटन प्रति मीटर. पुढे आर्किटेक्टने विटांऐवजी हलके एएसी ब्लॉक घेतले. मी डेड लोडच्या केसमध्ये आकडे बदलले, रन केलं, पायावरचा भार कमी झाला. बेस शिअर (भूकंपाचा पायाशी येणारा एकूण आडवा जोर) मात्र आधी होता तेवढाच, शेवटच्या दशांशापर्यंत. भूकंपाच्या डेफिनिशनमध्ये जुनीच वीट बसली होती. तेव्हापासून मी स्टॅडमध्ये रेफरन्स लोडच वापरतो. भिंत एकदाच लिहायची आणि डेड लोडने व सिस्मिक वेटने तिथूनच उचलायची. स्टॅड घेणार असाल तर पहिल्या दिवसापासून ही सवय लावा. भूकंपाच्या केसेस सर्वांत आधी, बाकीच्या मागून, हा क्रमही तिथे पाळा.

रिस्पॉन्स स्पेक्ट्रममध्ये (इमारतीच्या कंपनांवरून भूकंपाचा जोर काढायच्या पद्धतीत) ईटॅब्सचा स्केल फॅक्टर लक्षात ठेवा: आय गुणिले जी भागिले दोन आर. आय म्हणजे इमारतीच्या महत्त्वाचा गुणक, जी गुरुत्वत्वरण, आर सांगाड्याच्या प्रकारानुसार जोर कमी करणारा गुणक. आय १ आणि आर ५ असेल तर मिलिमीटरमध्ये तो ९८०.६६५ येतो. युनिट मीटर असताना हाच आकडा टाकला तर भूकंप हजारपट होतो. स्पेक्ट्रमच्या निकालांना चिन्ह नसतं. ईटॅब्स कॉम्बिनेशनमध्ये अधिक-उणे दोन्ही टोकं स्वतः धरतं, स्टॅडमध्ये दोन्ही कॉम्बिनेशन आपण लिहायची. नुसत्या एक्स आणि त्याच्या काटकोनातल्या दिशेने, विलक्षणता (वजनाचं केंद्र बाजूला सरकल्याने येणारा पीळ) न धरता, डेड-लाइव्ह-भूकंपाची १३ कॉम्बिनेशन होतात. वारा जोडला की २५. दोन्ही सॉफ्टवेअर ती आपोआप तयार करून देतात, पण स्टॅडमध्ये केसचा लोड टाइप नेमला नसेल तर ती केस यादीतून गळते. ईटॅब्समध्ये उभा अक्ष झेड, स्टॅडमध्ये वाय, त्यामुळे एका फाइलमधली नावं दुसरीत तशीच उचलू नका.

आता कारखान्यांच्या लोखंडी शेड. रॉडचं ब्रेसिंग (तिरके आधार) फक्त ताण घेतं, दाब आला की ढिलं पडतं. अशा वेळी स्टॅडचं साधं लोड कॉम्बिनेशन चालत नाही, कारण ते नुसती निकालांची बेरीज करतं. डेड लोडमध्ये एक रॉड काम करतो, वाऱ्यात दुसरा, आणि बेरीज दोन वेगळ्या सांगाड्यांची होते. तिथे रिपीट लोड वापरायचं: सगळे लोड एकदम लावून नव्याने विश्लेषण. ईटॅब्समध्ये हेच करायला रॉड फक्त ताण घेईल अशी मर्यादा घालून प्रत्येक कॉम्बिनेशनची नॉनलिनिअर केस बांधावी लागते. जमतं, पण वीस-पंचवीस कॉम्बिनेशनला कंटाळवाणं होतं. उलट उंच इमारतीच्या पी-डेल्टासाठी (इमारत झुकल्यावर उभ्या भाराने वाढणाऱ्या परिणामासाठी) ईटॅब्समध्ये एकदा प्रीसेट पर्याय निवडला की सगळ्या लिनिअर केसेसना तो लागतो आणि बेरीज वैध राहते.

माझं मत सांगतो. तुमच्याकडे पुण्या-मुंबईच्या आरसीसी इमारती जास्त असतील, पोडियम, शिअर वॉल, दर आठवड्याला बदलणारे प्लॅन असतील, तर ईटॅब्स. एवढ्यासाठी मास सोर्सची सोयच पुरेशी आहे. चाकण किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या शेड, पाइप रॅक, टाक्यांचे स्टेजिंग (टाकीखालचे उंच सांगाडे) ही कामं येत असतील, तर स्टॅड. दोन्ही प्रकारची कामं निम्मी-निम्मी असतील, तर मी ईटॅब्स आधी घेईन आणि शेडसाठी स्टॅडचं लायसन्स काम मिळेल तेव्हा घेईन.