आय-२० एन लाइन मॅन्युअल : नऊ महिने, अकरा हजार किलोमीटर आणि साताऱ्याचे घाट

गाडी घेऊन नऊ महिने झाले, मीटर ११,२०० वर आहे. ह्युंदाई आय-२० एन लाइन, एन ८ व्हेरिएंट, सहा गिअरची मॅन्युअल. २०२१ मध्ये ही गाडी आली तेव्हा आयएमटी किंवा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) एवढेच पर्याय होते. आयएमटीला गिअरचा दांडा असतो, क्लचचं पेडल नसतं. मला पेडल हवं होतं, म्हणून थांबलो. सप्टेंबर २०२३ मध्ये आयएमटीच्या जागी पूर्ण मॅन्युअल आला आणि माझा निर्णय झाला.

आता मुद्द्याचं. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ताकद १२० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ १७२ एनएम. स्पोर्ट्स कारवाल्यांना हे आकडे किरकोळ वाटतात. पण आपल्याकडच्या घाटात यापेक्षा जास्त ताकद वापरायला जागाच कुठे आहे? शहर सोडून कासच्या रस्त्याला लागलं की लगेच यवतेश्वरचा चढ सुरू होतो. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये १,३०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वळण घेतलं तर गाडी जड वाटते, कारण टर्बो फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो आणि पूर्ण टॉर्क १,५०० च्या पुढेच मिळतो. त्याच वळणाआधी ब्रेक मारताना दुसरा टाकून ठेवला तर काटा दोन हजाराच्या आसपास असतो, आणि स्टिअरिंग सरळ होताक्षणी गाडी ओढ घेते. वळण मला दिसतंय, गिअरबॉक्सला नाही. ऑटोमॅटिकला चढ लागल्यावर कळतो, मला तो आधीच ठाऊक असतो. मॅन्युअल का, याचं माझं उत्तर एवढंच आहे.

डीसीटीला स्टिअरिंगमागे गिअर बदलायचे पॅडल असतात आणि तो माझ्या हातापेक्षा लवकर गिअर बदलतो, हे मान्य. पण वेगासाठी कोणी मॅन्युअल मागत नाही. पोर्शेने २०१३ साली ९११ जीटी३ ही स्पोर्ट्स कार फक्त पीडीकेमध्ये, म्हणजे त्यांच्या डीसीटीमध्ये आणली. ट्रॅकवर ती जलदच होती, तरी शौकीन नाराज झाले. मग २०१६ मध्ये फक्त मॅन्युअलची ९११ आर आली, अवघ्या ९९१ गाड्या, आणि २०१७ ला जीटी३ मध्येही मॅन्युअल परतला. त्या किमतीच्या गाड्यांशी आपला संबंध नाही, पण त्या लोकांना काय हवं होतं ते मला वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात नीट समजतं.

उतारावरचं शिक्षण मला आण्णांनी दिलं. माझे वडील, तीस वर्षं एसटीवर चालक. पहिल्यांदा पाचगणीहून वाईकडे उतरताना मी चौथ्यात होतो आणि ब्रेकवर पाय ठेवून चाललो होतो. ते शेजारून म्हणाले, "आरं, ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतर की. ब्रेकला इसावा दे." दुसरा टाकला, इंजिनाचा आवाज चढला आणि वेग आपोआप आवरला. खाली वाईत आल्यावर चाकाजवळ हात नेला, तर फारशी धग नव्हती.

एकदा मात्र मी चुकलो. ऑगस्टमध्ये कासच्या रस्त्यावर दाट धुकं, पुढे गाड्यांची रांग, आणि मी चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून उभा. हिल असिस्ट (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय) दोन-तीन सेकंदच धरतो, रांग पाच मिनिटं हलली नाही. क्लचचा तो जळका वास सहा-सात दिवस मनातून गेला नाही. गॅरेजमध्ये तपासून घेतलं, प्लेट ठीक निघाली. तेव्हापासून चढावर थांबलो की हँडब्रेक आणि न्यूट्रल. निघताना क्लच पकडतो तिथे गाडीचं नाक किंचित उचलतं, तेव्हा हँडब्रेक सोडायचा. आठवडाभरात पायात बसतं.

पुण्याहून परतताना खंबाटकी चढावी लागते. ट्रक दोन्ही लेनमध्ये रांगत असतात. तिथे तिसरा धरून २,५०० आरपीएमवर चालत राहायचं आणि जागा मिळाली की निघायचं, खाली गिअर शोधावा लागत नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागेही हेच. पुण्यात कात्रज ते चांदणी चौक मात्र डावा पाय दुखतो. रोज तिकडे जाणाऱ्याने डीसीटीच घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

बाकी थोडक्यात. हायवेला मायलेज सतरा-अठरा मिळतं, घाटात जोरात चालवली तर अकरा. सस्पेन्शन कडक, ते घेतानाच माहीत होतं. आण्णांच्या कमरेसाठी खड्ड्यांच्या रस्त्यावर हळू नेतो. चारही चाकांना डिस्क ब्रेक, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

साताऱ्यात कोणी घ्यायच्या विचारात असेल तर टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका. यवतेश्वरला न्या, दुसऱ्यात वर जा आणि दुसऱ्यातच खाली या.