सह्याद्री कृष्णधवल: फिल्म घ्यावी की डिजिटल?

सह्याद्रीचे कृष्णधवल फोटो काढायचे, आणि तेही इथलं रान वाचावं म्हणून लोकांपुढे ठेवायला, तर फिल्म वापरावी की डिजिटलवर रंगीत काढून मागाहून रंग उतरवावेत? मी दोन्ही वापरलंय.

देवराईत किंवा भीमाशंकरच्या दाट झाडीत डिजिटलला तोड नाही. तिथे भर दुपारीही उजेड बेताचा. फिल्मवर लाल फिल्टर चढवला की तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं) जातात आणि हिरवं पान काळंठिक्कर पडतं. डिजिटलमध्ये हिरवा किती उजळायचा ते घरी बसून ठरवता येतं. फक्त जंगलाच्या आतलंच काम असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझं गाडं अडलं ते उघड्या कड्यांवर. कोकणकड्याचा फोटो घ्या. आकाश गडद करायला एडिटिंग सॉफ्टवेअरमधला निळ्या रंगाचा स्लायडर खाली ओढला की कड्याच्या काठाला बारीक पांढरी किनार उमटते. मोबाइलवर कळत नाही, पण मोठी प्रिंट काढली की कडा कातरून चिकटवल्यासारखा दिसतो. धुरकट हवेत लांबच्या डोंगररांगाही निळ्याच, म्हणून आकाशासोबत त्याही काळवंडतात. मास्क लावून, म्हणजे फक्त आकाशाचा भाग निवडून, किनार कमी होते. एखाद्या तरबेज हाताला ती पूर्ण घालवताही येत असेल. माझ्या प्रिंटमधून ती कधी गेली नाही.

एवढ्याशा किनारीचं एवढं का? कारण सड्याचे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठाराचे, फोटो ग्रामसभेत लावले की पहिला प्रश्न येतो, ‘एडिट केलंय का?’ मग सड्याचं बोलणं राहतंच. साताऱ्याजवळचा कासचा सडा २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण रंगीत फोटोंनी त्याला फुलांच्या हंगामापुरतं करून टाकलंय. फुलं सरल्यावर उरणारा जांभा, त्यातले खळगे, भेगांतली माती हाच तिथला खरा अधिवास. असे किती तरी सडे पडीक समजले जातात. त्या खडकाचा पोत कृष्णधवलमध्येच नीट उठतो, आणि त्यावर बघणाऱ्याचा विश्वास बसायला हवा. १९३६ साली अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेतर्फे कॅलिफोर्नियातल्या किंग्ज कॅन्यनचे फोटो घेऊन वॉशिंग्टनला गेले. १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. फोटोंचं वजन पडतं ते असं.

फिल्मवर फिल्टर प्रकाशालाच अडवतो, त्यामुळे ती किनार येतच नाही. त्रास आहेच. एप्रिलमध्ये पुण्यात नळाचं पाणी कोमट येतं; डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) २० अंशांवर आणायला बाटल्या बर्फाच्या बादलीत ठेवून थर्मामीटरकडे बघत बसावं लागतं. रोलही स्वस्त राहिलेले नाहीत. तरी कड्यांसाठी आणि सड्यांसाठी माझा कल फिल्मकडेच.

सुरुवातीला जुना ३५ मिमी एसएलआर, ४०० आयएसओचा रोल आणि लालऐवजी नारिंगी फिल्टर घ्या. तो धुरकटपणा कापतो आणि पानांना लालइतकं काळं करत नाही. हातातल्या मीटरने उजेड मोजत असाल तर एक्स्पोजर दोन स्टॉप वाढवायला विसरू नका.