अडकलेलं काडतूस आणि म्हापशाचं बंदूक दुरुस्तीचं दुकान

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर आहे. पोफळी, केळी, थोडे माड आणि वरच्या अंगाला काजू. मामंजींकडे पीकरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची एकनळी बंदूक होती, परवान्याच्या भाषेत एसबीबीएल. ते गेल्यावर २०१७ साली परवाना माझ्या नावावर झाला. ही बंदूक कुठल्या जनावरावर रोखायची नाही, हा मामंजींचा नियम मीही पाळते. रानडुकरं केळीत शिरली किंवा गवे कुंपण मोडून आत आले, तर आभाळाकडे एक बार काढायचा. वर्षाला दहा-बारा काडतुसं लागतात, त्याहून जास्त नाहीत.

२०२४ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि नेहमीप्रमाणे बंदूक जमा करावी लागली. मी ती कॅनव्हासच्या कव्हरात घालून दिली. गोव्याचं मतदान ७ मेला झालं, ४ जूनला निकाल लागला आणि बंदूक हातात आली तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. घरी आणून त्याच कव्हरासकट कपाटात उभी केली. ही माझी चूक. घाटाखालच्या पावसात कॅनव्हास ओल धरून ठेवतं आणि ती ओल थेट लोखंडाला देतं. चामड्याचं कव्हर तर त्याहून वाईट. मला हे ठाऊक असायला हवं होतं.

ऑगस्टच्या शेवटी एका रात्री डुकरं सुरणाच्या वाफ्यात शिरली. एक बार काढला, ती पळाली. बंदूक मोडली (म्हणजे नळी खाली केली, मोडायची बंदूक असंच म्हणतात), तर रिकामं नळकांडं, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं कवच, बाहेर येईना. एरवी एक्स्ट्रॅक्टर ते अर्धा बोट वर उचलतो आणि आपण चिमटीनं काढतो. या वेळी एक्स्ट्रॅक्टर कडेवरून घसरून नुसताच वर आला, नळकांडं जागच्या जागी. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, द्या इकडे, स्क्रू ड्रायव्हरनं काढतो." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी एकदा जोर लावलाच. बुडाच्या धातूच्या कडेचा लचका निघाला आणि नळीच्या मागच्या कडेवर चकचकीत ओरखडा उठला. तिथे मी बंदूक काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी, ३० ऑगस्टला, गाडी काढून म्हापसा गाठलं. होंडा, साखळी, डिचोली, अस्नोडा असा रस्ता. शुक्रवारचा बाजार आणि वर चवथ (गणेश चतुर्थी) आठ दिवसांवर, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. दुकान लहान आहे, आतला उजेड बेताचा. पण दारातून शिरताच समोर भिंतीवर दुरुस्तीचा परवाना काचेत लावलेला दिसतो आणि माझ्या दृष्टीनं या दुकानाची पहिली जमेची बाजू तीच. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५प्रमाणे बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. आमच्याकडे लेथवाले हुशार आहेत, पंपाचे शाफ्ट, बुश सगळं करून देतात, आणि "आणा, पाच मिनिटांत ठोकून काढतो" म्हणणारा एखादा भेटतोही. त्याच्याकडे नेऊ नका. त्याचं आणि तुमचं, दोघांचंही नुकसान.

दुकानातले गृहस्थ साठीच्या पुढचे असावेत. त्यांनी आधी परवान्याची मूळ वही मागितली, झेरॉक्स चालणार नाही म्हणाले. बंदुकीचा नंबर वहीशी ताडून पाहिला. मग बंदुकीला हात लावण्याआधी पहिला प्रश्न, "बाई, काडतूस जिवंत की उडालेलं? आवाज तुम्ही स्वतः ऐकलात?" मी हो म्हटलं. तरीही त्यांनी माझ्या शब्दावर काम केलं नाही, आणि त्यांच्याबद्दलचा माझा विश्वास तिथेच बसला.

त्यांनी पुढची लाकडी पट्टी काढून नळी सुटी केली. एक लांब पितळी सळी घेतली, नळीच्या बाहेरून नळीला लावून धरली आणि मागच्या टोकापर्यंतचं अंतर खडूनं सळीवर खुणावलं. मग तीच सळी तोंडाकडून आत हळूच सोडली, हातातून न निसटू देता. सळी खाली जाऊन टेकली, तेव्हा खडूची खूण नळीच्या तोंडाबाहेर जेमतेम बोटभर उरली होती. म्हणाले, "हे बोट म्हणजे बुडाची जाडी. आत दारू, तिच्यावरचं बूच, छर्रे असते तर खूण याहून कितीतरी वर राहिली असती." एवढं पाहिल्यावरच त्यांनी काम हातात घेतलं. जिवंत काडतूस अडकलं असेल, तर पुढून सळी घालून ठोकायचं नाही, कधीच नाही. चाप ओढून नुसता टक् आवाज आला असेल, तर लगेच बंदूक मोडायचीही नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण काही वेळा टिकली (बुडातली, दारूला ठिणगी देणारी) पेटलेली असते आणि दारू उशिरा धरते. आणि आवाज फुसका आला, तर पुढचं काडतूस भरण्याआधी नळीतून आरपार पाहायचं. बूच आत राहिलं असेल, तर पुढच्या बाराला नळी फाटते.

मग त्यांनी नळी मागची बाजू खाली करून उभी केली आणि वरून पातळ तेल सोडलं. नळकांड्याचं तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे तेल त्याच्या आणि चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तो भाग) भिंतीच्या मधल्या फटीत आपोआप उतरतं. एवढं करून त्यांनी पावती फाडली, रजिस्टरात नोंद केली, माझी सही घेतली आणि म्हणाले, "आता चारला या." इथे बऱ्याच दुकानांप्रमाणे एक ते चार शटर खाली असतं. सत्तरीतून आलेल्या माणसाला हे तीन तास जड जातात. पण तेलाला मुरायला वेळ लागतोच, हे त्यांचं म्हणणंही खरं. मी जवळच नुस्त्याची, म्हणजे माशांची, थाळी खाल्ली आणि चवथीचं थोडं सामान घेतलं.

चारला त्यांनी सळी पुन्हा आत सोडली आणि लाकडी हातोडीनं वरून तीन टिचक्या मारल्या, बदाम फोडायला मारतो त्याहूनही हलक्या. चौथ्या टिचकीला नळकांडं खालच्या फडक्यात पडलं. त्यांनी ते उचलून माझ्या तळहातावर ठेवलं आणि दिवा जवळ आणला. लाल प्लास्टिकवर, बुडापासून दोन बोटांवर, तपकिरी कडं उमटलेलं होतं. त्या कड्यात बारीक बारीक पुटकुळ्या होत्या, नखाला लागतील इतक्या उठावाच्या. चेंबरमध्ये गंजानं खड्डे पडले होते, बाराच्या वेळी नळकांडं फुगून भिंतीला चिकटलं आणि प्लास्टिक त्या खड्ड्यांत शिरलं. बार झाल्यावर नळकांडं थोडं आकसतं, म्हणून एरवी ते सहज निघतं. इथे मात्र आकसायला वावच नव्हता, शेकडो इवल्या खुंट्यांनी ते धरून ठेवलेलं. एवढा वेळ मला वाटत होतं की एक्स्ट्रॅक्टर झिजलाय. एक्स्ट्रॅक्टर ठीक होता.

पुढचा अर्धा तास त्यांनी चेंबर घासण्यात घालवला. ब्रशवर अगदी बारीक पोलादी लोकर, चार शून्यांची, गुंडाळून तेलात हळूहळू फिरवत. खड्डे पूर्ण जात नाहीत, आणि ते घालवण्याच्या नादात चेंबर मोठं करायचं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. फक्त कडा मोडायच्या. मग गेजनं चेंबरची लांबी मोजली. ती ७० मिलिमीटर निघाली, म्हणजे मी वापरते ती काडतुसं बरोबर. जुन्या बंदुकांत ६५चं चेंबर असतं आणि लोक तिथे फसतात. ७० हा आकडा उडून उघडलेल्या नळकांड्याचा असतो. न उडालेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे आखूड असतं, म्हणून ६५च्या चेंबरमध्ये ते बिनबोभाट बसतं. बार होताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. तुमच्याकडे वाडवडिलांची बंदूक असेल तर नळीखालचा कोरलेला आकडा एकदा वाचा, नाहीतर मोजून घ्या.

माझ्या घरी मामंजींच्या वेळची चार-पाच अख्खी पितळी नळकांडी आहेत. ती पुन्हा भरतात का, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडे घरी भरायचा विचारही करू नका, काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. पण परदेशात नेमबाज भरतात आणि त्यांचंही नळकांडं अडकतं, फक्त बंदुकीत नाही, डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात. उडालेलं पितळ फुगलेलं असतं, ते प्रेसवर दाबून डायमधून मूळ मापाला आणतात. त्याआधी त्याला वंगण चोळावं लागतं. एखादं कोरडं राहिलं, किंवा त्यावर रेतीचा कण असला, की ते डायमध्ये घट्ट बसतं, आणि जोर केला की बुडाची कड धरणाऱ्या शेलहोल्डरमधून कड फाटून निघते. बरोबर माझ्या दिरांनी केली तशी. मग टिकलीच्या जागी ड्रिल मारायचं, त्यात टॅप फिरवून आटे पाडायचे (परदेशी किटांत पाव इंची, इंचाला २० आट्यांचा टॅप येतो), वर एक पोकळ टोपण ठेवायचं आणि त्यातून बोल्ट घालून पान्यानं पिळत जायचं. नळकांडं सरळ रेषेत वर येतं. हातोडीनं डाय बिघडतो. ही युक्ती आमच्या पंपाच्या बुशला लेथवाला वापरतो, हे ऐकताना माझ्या लक्षात आलं.

त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली, म्हणून मीही लिहिते. डायमध्ये वंगण हवं, पण बंदुकीच्या चेंबरमध्ये बार काढताना वंगण नको. चेंबर तेलकट असेल तर नळकांडं भिंतीला पकड घेत नाही आणि सगळा धक्का मागच्या भागावर येतो. म्हणजे ठेवताना तेलाचा पातळ हात, आणि भरण्याआधी कोरड्या फडक्यानं चेंबर स्वच्छ पुसणं. मी वर्षानुवर्षं फक्त पहिलं करत होते, तेही नळीच्या बाहेरून.

त्यांच्याकडून बारा बोअरचा चेंबरब्रश आणि तीन तुकड्यांची पितळी टोकाची सळी घेतली. चेंबरब्रश नळीच्या ब्रशपेक्षा जाड आणि आखूड असतो. नळीचा ब्रश चेंबरमध्ये सैल फिरतो आणि काहीच घासत नाही, हे मला तिथे कळलं. दुरुस्तीचे ६०० आणि या दोन वस्तूंचे ८५० रुपये झाले. ब्रश चांगला आहे, केस अजून वाकलेले नाहीत. सळीचे आटे मात्र सैल आहेत. दोन तुकड्यांच्या सांध्यावर ती हलते आणि दर खेपेला पिळून घट्ट करावी लागते. ८५०त एवढं नीट हवं होतं. बिलाला वेळ लागतो, फोन क्वचितच उचलतात. बंदूक घेऊन जाणार असाल तर शुक्रवार टाळा आणि सकाळी दहाला पोहोचा.

आता बंदूक कव्हराशिवाय कपाटात कुलपाबंद असते, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात दर रविवारी काढून पाहते. जमा करायची वेळ आली की आतून-बाहेरून तेल देऊन, कव्हर न घालता देईन. काडतुसं डब्यात वेगळी. रिकामी नळकांडीही मोजून घरातच ठेवते. धाकट्या मुलानं एकदा एक शाळेच्या दप्तरात टाकलं होतं, आणि त्याच दप्तरासकट दाबोळीच्या किंवा मोपाच्या विमानतळावर गेलो असतो तर सामानाच्या तपासणीत केवढा प्रसंग ओढवला असता!

चवथीनंतर, सप्टेंबरच्या अखेरीस, गवे आले तेव्हा दोन बार काढावे लागले. आधी कोरडं फडकं फिरवलं. दोन्ही वेळा बंदूक मोडताच नळकांडं अर्धा बोट वर आलं आणि चिमटीत धरल्याबरोबर निघालं. दिव्याखाली धरून पाहिलं. कडं होतं, पण फिकट, आणि नखाला काही लागलं नाही.