मिनारच्या १८१२ च्या नकाशाची भिंतीवरची प्रत : आठ महिन्यांनंतर

नेपोलियनच्या रशियावरील १८१२ च्या स्वारीचा जो नकाशा शार्ल जोझेफ मिनार या फ्रेंच अभियंत्याने नोव्हेंबर १८६९ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी प्रसिद्ध केला, त्याची फ्रेम केलेली मोठी प्रत मी मे महिन्यात ऑनलाइन मागवली आणि तेव्हापासून ती माझ्या टेबलासमोर आहे. जातानाचा पट्टा फिकट तपकिरी, परतीचा काळा आणि पट्ट्याची रुंदी म्हणजे सैनिकांची संख्या. रशियाच्या सरहद्दीवरची नीमन नदी ओलांडताना ४,२२,०००, मॉस्कोत १,००,०००, परत नीमनवर १०,०००.

पहिली तक्रार छपाईची. मूळ नकाशात १ मिलिमीटर म्हणजे १०,००० माणसे असे प्रमाण असून ते तसे लिहिलेही आहे. विक्रेत्याने चित्र वाढवून छापले, मजकूर मात्र तोच ठेवला. फूटपट्टी लावली तेव्हा नीमनपाशी ४२ ऐवजी ६३ मिलिमीटर भरले, म्हणजे लिखित प्रमाणाने सहा लाखांहून अधिक सैन्य! शिवाय मूळ कागदावर वरच्या अर्ध्या भागात हॅनिबलच्या इटलीवरील स्वारीचा नकाशा होता, तो सरळ कापून टाकला आहे. काच चकचकीत असल्याने दुपारी खिडकीच दिसते, आणि जुलैत मागचा पुठ्ठा ओल धरून फुगला.

अक्षरे भिंगाखेरीज वाचता येत नाहीत. तळाशी परतीच्या वाटेवरच्या तापमानाचा आलेख आहे. त्यात १८ तारखेपुढे आठचा आकडा आणि त्याला जोडून 'ब्र' असे लिहिलेले पाहून मी कित्येक दिवस ते ऑगस्ट समजत होतो आणि ऑगस्टात शून्य तापमान कसे, या कोड्यात होतो. तो ऑक्टोबर निघाला. 'ऑक्टो' म्हणजे आठ, ही जुनी रोमन गणती. अंश रेओम्यूर या तापमानाच्या जुन्या मापाचे आहेत, त्यात पाणी ८० अंशांवर उकळते. त्यामुळे ६ डिसेंबरचे उणे ३० म्हणजे आपले उणे ३७.५ सेल्सिअस.

या आलेखामुळेच नकाशाविषयी माझे मत हळूहळू बदलले. पहिल्या महिन्यात मीही येणाऱ्याजाणाऱ्याला 'बर्फाने सैन्य खाल्ले' असेच सांगत होतो. पण मॉस्कोहून परत वळण्याआधीच तपकिरी पट्टा किती आटला आहे ते पाहावे. मॉस्कोच्या वाटेवरच्या स्मोलेन्स्क शहरापाशी १,४५,००० उरले आहेत. बाजूला पाठवलेले २२,००० आणि ६०,००० वजा केले तरी १,९५,००० माणसांचा हिशेब राहतो, आणि तोही ऐन उन्हाळ्यातला. त्यात वाटेवरच्या ठाण्यांत ठेवलेले होते, पळून गेलेले होते, हगवण आणि टायफसने मेलेले होते. मिनारचा पट्टा या साऱ्यांना एकाच मापाने वजा करतो. तापमान त्याने फक्त परतीचे दिले, जातानाचा उकाडा दिलाच नाही, म्हणून नजर थंडीकडे जाते. उणे ३० चा दिवस उजाडला तेव्हा काळा पट्टा जवळजवळ संपलेलाच होता.

मला सर्वांत आवडलेली जागा बेरेझिना नदीची. तिच्या थोडे अलीकडे २०,००० पर्यंत बारीक झालेला काळा पट्टा अचानक जाड होतो, कारण बाजूला पाठवलेल्यांपैकी पोलोत्स्क शहराकडून परतलेले ३०,००० त्याला मिळतात. नदी ओलांडून पुढे गेल्यावर त्या ५०,००० पैकी २८,००० उरतात. शेवटीही तसेच आहे: मॉस्कोच्या वाटेने परतणारा पट्टा ४,००० वर आलेला असतो, आणि बाजूच्या तुकडीचे ६,००० मिळून ते प्रसिद्ध १०,००० होतात. माझ्या प्रतीवर ही शेवटची रेघ दीड मिलिमीटर आहे आणि नेमकी तिच्यावरच काचेखाली धुळीचा एक कण अडकला आहे.

घ्यायचीच असेल तर दोन्ही नकाशे असलेली, मूळ आकाराची, मॅट कागदावरची आणि फ्रेंच मजकुराचीच प्रत घ्यावी. फ्रेम मी आता गावातल्या सुताराकडून बदलून घेतो आहे.