हौशी कृतींसाठी इच डॉट आयओ : एक परीक्षण

छंद म्हणून केलेला गेम, चित्रकथा किंवा छोटी पुस्तिका लोकांपुढे ठेवायची म्हटली की बहुतेक जण समाजमाध्यमांकडे वळतात. तिथे चित्रफितीला दाद मिळते, पण मूळ कृती कुठे मिळेल आणि ती कशी उघडायची, हे पाहणाऱ्याला कळेपर्यंत त्याची उत्सुकता ओसरलेली असते. लीफ कॉर्कोरन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले इच डॉट आयओ हे संकेतस्थळ नेमकी ही अडचण दूर करते. मुख्यतः ते स्वतंत्रपणे केलेल्या गेमसाठी ओळखले जात असले, तरी पुस्तिका, कॉमिक्स, कागदावर खेळायचे भूमिकाखेळ आणि इतरांना वापरता येतील अशी चित्रे व ध्वनी यांनाही तिथे जागा आहे. हौशी माणसाला कृती मांडण्यासाठी याहून मोकळी जागा मला ठाऊक नाही. मात्र तिथे येणारी माणसे बऱ्याच अंशी आपल्यालाच आणावी लागतात, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

प्रत्येक कृतीला तिचे स्वतंत्र पान मिळते. त्याचे रंग, पार्श्वभूमी आणि अक्षरे आपल्या हातात असतात, त्यामुळे पान कृतीच्याच वातावरणात रंगवता येते. गेम ब्राउझरमध्ये चालण्याजोगा असेल, तर पाहुण्याला काहीही उतरवून न घेता, खातेसुद्धा न उघडता, त्याच पानावर खेळायला सुरुवात करता येते. प्रसिद्धीच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची सोय आहे, कारण अनोळखी माणसाची फाइल आपल्या संगणकावर घ्यायला लोक कचरतात. मुखचित्रावर मात्र जीव ओतून काम करावे. याद्यांमध्ये ते अगदी लहान आकारात दिसते, म्हणून त्यात बारीक अक्षरे भरण्यापेक्षा एकच ठळक आकृती ठेवणे योग्य ठरते.

या संकेतस्थळाचे खरे बळ जॅममध्ये आहे. जॅम म्हणजे ठरावीक मुदतीत, दिलेल्या विषयावर गेम करण्याचा सामूहिक उपक्रम. ही प्रथा जुनी आहे. लुडम डेअर हा प्रसिद्ध उपक्रम २००२ पासून चालत आला आहे. इच डॉट आयओने मात्र कोणालाही स्वतःचा जॅम भरवता येईल अशी सोय दिली, आणि त्यामुळे अगदी चिमुकल्या विषयांवरचे जॅमही तिथे सतत सुरू असतात. ज्याला एकही अनुयायी नाही अशा माणसाला पहिले खेळाडू इथेच भेटतात, कारण भाग घेणारे एकमेकांच्या कृती खेळतात, गुण देतात आणि अडलेल्या जागा दाखवून देतात. गुणांकनाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या कृतीला मिळालेल्या मतांची संख्या त्या जॅममधल्या मध्यक संख्येपेक्षा (सर्व कृतींच्या मतसंख्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या संख्येपेक्षा) कमी असेल, तर तिची सरासरी खाली आणली जाते. साहजिकच चांगली कृतीदेखील फारशी कोणी खेळली नाही, तर मागे पडते. यावर उपाय एकच, आणि तो मला मनापासून आवडतो : इतरांचे गेम शेवटपर्यंत खेळावेत आणि त्यांना नेमके, विचारपूर्वक अभिप्राय लिहावेत. असे अभिप्राय वाचणारा बहुधा आपले पान उघडून पाहतो. ‘माझेही पाहा’ अशी एका ओळीची विनंती जागोजागी चिकटवणाऱ्यांना हे फळ मिळत नाही, आणि मिळू नये.

आकडेवारीचा फलक साधा पण उपयुक्त आहे. किती जणांनी पान पाहिले, किती जणांनी गेम चालवला आणि ते कोणत्या दुव्यावरून आले, हे तिथे दिसते. भेटी पुष्कळ आणि खेळणारे मोजके असतील, तर दोष प्रसिद्धीत शोधू नये. पानावरचे वर्णन किंवा पहिला स्क्रीनशॉट बदलून पाहावा.

पैशांबाबत धोरण उदार आहे. कृती चढवायला शुल्क नाही, आणि विक्रीतला संकेतस्थळाचा वाटा निर्माता स्वतः ठरवतो. मूळ मांडणीत तो १० टक्के असतो, पण शून्यही करता येतो. पैसे देण्याघेण्याच्या सेवेचे शुल्क अर्थातच वेगळे पडते. कृती विनामूल्य ठेवून ऐच्छिक देणगी स्वीकारण्याचा पर्याय हौशी मंडळींना सर्वाधिक सोयीचा आहे.

उणिवा दोन आहेत. नवी कृती यादीत वर दिसण्याचा काळ थोडा असतो आणि त्यानंतर ती गर्दीत दिसेनाशी होते. डेव्हलॉग, म्हणजे कृतीच्या प्रगतीची नोंदवही, लिहीत राहिल्यास अनुयायांना सूचना जाते, परंतु आधी अनुयायी हवेत. दुसरी उणीव अवलंबित्वाची. जुलै २०२५ मध्ये पैसे हाताळणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे प्रौढांसाठीच्या कृती शोधातून एकाएकी वगळण्यात आल्या. आपली कृती त्या प्रकारची नसली, तरी मूळ फायली आणि वाचकांशी संपर्काचा एखादा स्वतंत्र मार्ग आपल्यापाशी ठेवावा, हे त्या घटनेवरून स्पष्ट होते.

गेम, पुस्तिका आणि भूमिकाखेळ करणाऱ्यांना मी हे संकेतस्थळ निःसंकोचपणे सुचवीन. केवळ गाणी किंवा छायाचित्रे करणाऱ्यांना मात्र इथे फारसा श्रोता-प्रेक्षक मिळणार नाही. गाण्यांसाठी बँडकॅम्प आणि छायाचित्रांसाठी फ्लिकर अधिक सोयीचे आहेत.