फोटो लॅपटॉपमध्येच होते, आणि ते सोडवायला मी पैसे भरत होते

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यात पुरुषभर पाणी होतं. धान्य गेलं, गाद्या गेल्या, फ्रिज गेला. आईने त्यातल्या कशाबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ती रडली ती कपाटाच्या खालच्या खणातल्या अल्बमसाठी. पानं एकमेकांना चिकटून चिखलाचा गोळा झाला होता. आम्ही एकेक फोटो साध्या पाण्यात सोडवला, गच्चीत दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवला, आणि माझ्या भाचीने ते सगळे स्कॅन केले. सहाशे चाळीसच्या आसपास भरले. पुढच्या पावसाळ्यात मूळ फोटोंवर बुरशी चढली, ते टाकून द्यावे लागले. अण्णांचे, आजीचे, आम्हा भावंडांच्या बारशांचे फोटो आता फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये उरले होते. हे आधी सांगते, कारण त्यावाचून मी अनोळखी माणसाला पैसे का दिले हे कुणाला कळायचं नाही.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. लॅपटॉप रोज ११ वर जा म्हणून सांगत होता. नोव्हेंबरमधल्या एका रात्री मी अपग्रेड सुरू केलं आणि मध्येच लाइट गेली. बॅटरी जुनी, दहा मिनिटांत मशीन बंद. लाइट आल्यावर ते आपोआप बऱ्याच वेळा चालू-बंद झालं आणि शेवटी जुनंच विंडोज परत आलं. पण स्क्रीन कोरी. माझा वॉलपेपर नाही, माझी एकही फाइल नाही. फोटोंचा फोल्डर उघडला तर रिकामा. कोपऱ्यात तुमच्या खात्यात साइन इन करता आलं नाही अशा अर्थाची एक सूचना आली होती, ती मी नीट न वाचताच बंद केली.

ती वाचली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी मोबाइलवर विंडोज हेल्पलाइनचा नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला तो जाहिरात म्हणून आला होता, तसं बारीक अक्षरात लिहिलंही होतं. एवढ्या रात्री लगेच फोन उचलला गेला याचंच मला बरं वाटलं. ‘मॅडम, घबराइए मत, डेटा मिल जाएगा,’ हे त्याचं पहिलं वाक्य. त्याने एक ॲप उतरवून घ्यायला लावलं, त्यातला आकडा वाचून दाखवायला सांगितला आणि माझ्या लॅपटॉपचा माउस तिकडून हलायला लागला.

आधी त्याने एक यादी उघडली, लाल आणि पिवळ्या खुणांनी भरलेली. म्हणाला, हे सगळे व्हायरस. मग काळी खिडकी उघडून त्यात काहीतरी टाइप केलं आणि फोल्डरांची नावं सरसर वर सरकायला लागली. म्हणाला, स्कॅन चालू आहे. शेवटी त्याच खिडकीत इंग्रजीत ओळ उमटली की फोटो खराब झाले आहेत. ती ओळ त्याने स्वतः टाइप केली होती, हे मला नंतर कळलं. तपासणीचे २,४९९ रुपये मागितले. यूपीआयवर नाव कंपनीचं नव्हतं, एका बाईचं होतं. मी विचारलं. तो म्हणाला, आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत. मी भरले.

मग काही मिनिटं स्क्रीन काळी झाली. ती उजळली तेव्हा समोर अण्णांचा फोटो. वेताच्या खुर्चीत बसलेले, मांडीवर घडी केलेला पेपर, उजव्या कोपऱ्यात पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग. पाठोपाठ आणखी दोन. ‘मॅडम, ये सैंपल है. बाकी के लिए रिकवरी का चार्ज लगेगा.’ बारा हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६०. मला तो माणूस देवासारखा वाटला. बिल मागायचंसुद्धा सुचलं नाही, लगेच भरले.

त्यानंतर तो २६,००० मागायला लागला. परत मिळणारं डिपॉझिट, म्हणे. तेव्हा कुठे माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, आता एक रुपयाही देणार नाही, आधी फोटो द्या. त्याचा सूर पार बदलला. आवाज न चढवता तो एवढंच म्हणाला, ‘तो फिर देखिए.’ स्क्रीन पुन्हा काळी झाली. मी वायफायचं बटण बंद करायला धावले, पण राउटर पुढच्या खोलीत. मध्ये दीडेक मिनिट गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. वयाने लहान मुलगा, पण शांत. त्याने आधी नेट जोडू दिलं नाही. सी ड्राइव्हमधला युजर्स नावाचा फोल्डर उघडला. आत माझ्या नावाचा फोल्डर जसाच्या तसा होता. ‘ताई, तुमचं काहीच गेलं नव्हतं,’ तो म्हणाला. अपग्रेड अर्धवट तुटल्यावर कधी कधी विंडोजला आपलं खातं उघडता येत नाही, मग ते तात्पुरतं कोरं खातं उघडून देतं. म्हणून सगळं रिकामं दिसतं. खऱ्या फाइल बाजूच्या फोल्डरमध्ये पडून असतात. बऱ्याचदा एकदोनदा रीस्टार्ट केलं तरी जुनं खातं परत येतं. अपग्रेड पूर्ण होऊनही फाइल दिसल्या नाहीत, तर सी ड्राइव्हमधला विंडोज.ओल्ड फोल्डर पाहायचा; तो साधारण दहा दिवस राहतो आणि मग विंडोज स्वतःच काढून टाकतं.

म्हणजे त्या भामट्याने काहीच परत मिळवलं नव्हतं. माझ्याच फोल्डरमध्ये जाऊन माझ्याच वडिलांचा फोटो उघडून मला दाखवला होता, आणि त्याचे पैसे घेतले होते. लाल खुणांची यादी तर त्या मुलाने स्वतःच्या दुकानातल्या संगणकावरही उघडून दाखवली. तिथेही लाल-पिवळ्या खुणा होत्या. त्या सगळ्यांच्या संगणकात असतात, रोजच्या बारीकसारीक नोंदी असतात त्या.

माझ्या नावाचा फोल्डर होता, कागदपत्रं होती, शाळेचे निकाल होते. फक्त फोटोंचा फोल्डर नव्हता. तो त्या दीड मिनिटात गेला होता, रीसायकल बिनमध्येसुद्धा नाही.

मी विचारलं, पुसलेले फोटो काढता येतात ना? त्याने खरं ते सांगितलं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत राहते. माझ्या लॅपटॉपला एसएसडी आहे, म्हणजे फिरणारा भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. तिथे फाइल पुसली की ती जागा मोकळी झाल्याचं विंडोज लगेच डिस्कला कळवतं आणि डिस्क ती जागा आतून साफ करून टाकते. तरी त्याने एसएसडी काढून दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली, मग आम्ही पुण्याच्या एका लॅबलाही पाठवली. लॅबने काही निघणार नाही असं कळवलं आणि तपासणीचे पैसेही घेतले नाहीत. फसवणाऱ्याने मात्र पहिल्या पाच मिनिटांत शंभर टक्क्यांची हमी दिली होती.

पोलिसांकडे जायला मी दोन दिवस लावले. लाज वाटत होती. शिकलेली बाई, शाळेत शिकवते, आणि अशी कशी फसले, हेच डोक्यात. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पलीकडच्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, व्यवहार किती वाजता झाला? फोन लवकर आला तर पैसे पुढे फिरायच्या आत त्या खात्यात अडवता येतात. मी तिसऱ्या दिवशी केला. माझे पहिले २,४९९ अडकले, ते अजून मिळायचेत. १४,१६० तोवर दुसऱ्या खात्यांतून निघून गेले होते. कुणावर अशी वेळ आलीच तर कृपा करून आधी १९३० फिरवा, घरच्यांना काय वाटेल ते नंतर पाहा. सायबरक्राइम.गव्ह.इन वर तक्रार लिहिताना यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, तो फोन नंबर आणि स्क्रीनशॉट लागतात. मी रागाच्या भरात कॉलची नोंद पुसून टाकली होती, तो नंबर पुन्हा मिळवायला खूप खटपट करावी लागली. पोलीस ठाण्यात हवालदारांनी आयटी कायद्याचं कलम ६६ डी सांगितलं, संगणकाचा वापर करून तोतयेगिरीने फसवणूक. तक्रार नोंदवली आहे. तो नंबर आता लागत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मदत हवी असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर आपण होऊन जायचं. जाहिरातीतल्या नंबरावर जायचं नाही आणि आपला माउस दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

डिसेंबरमध्ये भाचीचा फोन आला. ‘मावशी, तेव्हा स्कॅन पेनड्राइव्हवरून आणले होते ना मी?’ तो पेनड्राइव्ह तिने नंतर फॉरमॅट करून कॉलेजसाठी वापरला होता. दुरुस्तीवाल्या मुलाने त्यावर फोटोरेक हा पुसलेल्या फाइल शोधून काढणारा मोफत प्रोग्राम चालवला. जे निघेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, त्याच पेनड्राइव्हवर नाही. नाहीतर निघालेले फोटोच अजून न निघालेल्यांच्या डोक्यावर लिहिले जातात. २१२ फोटो निघाले. फोटोरेक मूळ नावं परत देत नाही, सगळ्यांना नुसते एफ आणि पुढे आकडे.

आता रोज संध्याकाळी आई माझ्या शेजारी बसते आणि आम्ही एकेका फोटोला नाव देतो. काही अर्धेच उघडतात, वरचा भाग दिसतो आणि खाली सपाट करडा पट्टा. परवा एक असाच उघडला. कुणा बाईचं कपाळ, कुंकू, डोक्यावरून घेतलेला पदर, डोळ्यांखाली काही नाही. मला ओळखता येईना. आई चष्मा पुसून पुढे वाकली, पदराच्या काठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘हे इरकल माझ्या सासूबाईंचं. लिही, आजी.’