हाताने घडवलेल्या पिस्तुलाला फिनिश कोणतं द्यावं: ब्लूइंग, पार्करायझिंग की सिरॅमिक कोटिंग?

स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, फ्रेमवर (खालच्या मुठीच्या सांगाड्यावर) नीट सरकायला लागली, कानस खाली ठेवली, की मग हौशी कारागिराला फिनिशची आठवण होते. खरं तर हा निर्णय त्याच्या बराच आधी व्हायला हवा. पॉलिश कुठवर न्यायचं, कडा किती कोरीव ठेवायच्या, स्लाइडच्या खाचेत किती जागा सोडायची, हे सगळं त्यावरच ठरतं. (पिस्तूल घडवायला किंवा त्यावर काम करायला परवाना लागतो का, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. ते आधीच तपासलंय, असं धरून पुढचं लिहितोय.)

आधी ब्लूइंग. त्याचे गरम आणि संथ असे दोन प्रकार, पण दोन्हींत पोलादावर बसतो तो एकच काळा लोह-ऑक्साइड, मॅग्नेटाइट. फरक आहे तो तिथवर पोचण्याच्या वाटेत. गरम ब्लूइंगला कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांची टाकी लागते, साधारण 140 अंश सेल्सिअसला उकळणारी. अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि आरशासारख्या पॉलिशवर ती गडद निळी-काळी झाक येते, जिच्यावर सगळे फिदा असतात. पण या टाकीत पाणी चुकीच्या पद्धतीने पडलं तर उकळतं कॉस्टिक अंगावर उडतं. अॅल्युमिनियमचा भाग आत गेला तर तो विरघळायलाच लागतो. घरच्या गॅरेजसाठी मला हे पटत नाही. हवंच असेल तर पॉलिश स्वतः करा आणि टाकीचं काम व्यावसायिकाकडे द्या. मात्र पॉलिश खरोखर स्वतःच करा, कारण घाईच्या बफिंगमध्ये कडा गोल होतात, पिनांच्या भोकांभोवती खळगे पडतात आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात. ते पुढे कुठलंच फिनिश झाकत नाही.

संथ ब्लूइंग, म्हणजे मुद्दाम गंज चढवून तो काळा करणं, हे हौशी माणसाचं खरं काम. सौम्य आम्लाचं द्रावण पातळ पुसायचं, दमट पेटीत टांगायचं, बारीक तांबूस गंज धरला की डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायचं. डोळ्यांदेखत तांबडं मखमली काळं होत जातं. मग तेल काढलेल्या स्टील वूलने किंवा मऊ तारेच्या ब्रशने वरची सैल भुकटी झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असे पाच-सहा, कधी आठ फेरे. पहिल्या फेऱ्यानंतर पृष्ठभाग ठिपकेदार, अगदी केविलवाणा दिसतो. घाबरू नका, पुढच्या फेऱ्यांत तो भरून येतो. नडतो तो तेलकटपणा. ग्रीस काढल्यानंतर उघड्या बोटाचा ठसा लागला, तर तिथे गंज धरतच नाही. पॉलिश 320 ते 400 ग्रिटच्या पॉलिश पेपरवर थांबवा (ग्रिट जितका जास्त, तितका कागद बारीक). त्याहून गुळगुळीत केलंत तर द्रावणाला पकड मिळत नाही. चकाकी मिळणार नाही, रेशमी काळा रंग मिळेल.

दोन्ही ब्लूइंगची कमजोरी एकच: गंजापासूनचं संरक्षण मुख्यतः वरच्या तेलाचं असतं. घामट हाताचा माणूस असेल तर रोज पुसावं लागेल. आणि स्टेनलेसवर हे दोन्ही नेहमीचे प्रकार चालत नाहीत.

पार्करायझिंगचा स्वभाव अगदी वेगळा. दुसऱ्या महायुद्धातल्या एम1911ए1 पिस्तुलांवरची ती करडी, मॅट छटा याचीच. मँगनीज किंवा झिंक फॉस्फेटचं द्रावण उकळीच्या थोडं खाली ठेवतात, आणि पोलादावर सच्छिद्र स्फटिकांचा थर धरतो. तो तेल पिऊन धरून ठेवतो, म्हणून उघड्यावर वापरायच्या पिस्तुलाला छान. त्याआधी ब्लास्टिंग, म्हणजे पृष्ठभागावर बारीक कणांचा जोरदार मारा, करतात, त्यामुळे कानशीच्या बारीक खुणाही बुजतात. पण महिनाभर जपून काढलेल्या सपाट पृष्ठभागांची धार त्यातच बोथट दिसते. मला ते बघवत नाही.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे फवारून भट्टीत पक्का केलेला पातळ थर, सुमारे 25 मायक्रॉनचा. घाम आणि खारी हवा यांच्यापुढे तो या सगळ्यांत उजवा, आणि स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमच्या फ्रेमवरही बसतो. गोम खाचांमध्ये आहे. स्लाइड आणि फ्रेम दोन्हींवर थर चढला, तर घासून जुळवलेला मेळ आवळतो. आधीच मोकळीक ठेवा किंवा त्या जागा झाकून फवारा. ओरखडा पडला की ब्लूइंगसारखी डागडुजीही जमत नाही, बहुधा सगळं खरवडून पुन्हा फवारावं लागतं.

कोल्ड ब्लू, म्हणजे न तापवता नुसतं पुसून पोलाद काळं करणारं रसायन, फक्त झिजलेल्या कडेला बोटभर लावण्यापुरतं. अख्खं पिस्तूल त्यात रंगवू नका.

तेव्हा साध्या पोलादाचं, मन लावून घडवलेलं, पेटीतून रेंजवर जाणारं पिस्तूल असेल तर संथ ब्लूइंग. रोज होल्स्टरमध्ये, घामात राहणार असेल तर सिरॅमिक. पावसाचिखलात वापरायचं आणि दिसण्याची पर्वा नसेल तर पार्करायझिंग. मात्र काहीही ठरवलंत तरी स्प्रिंग बाजूला काढून ठेवा. आम्लाच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि वरून ठणठणीत दिसणारी स्प्रिंग पुढे कधीतरी अचानक तुटते.